दुसऱ्या दिवशीची सकाळ

गंगापूर रोडवर अशोकस्तंभापासून आनंदवल्लीपर्यंत दुतर्फा उभ्या असलेल्या इमारतींत अनेक व्यापारी कुटुंबे राहतात. त्यांतील मुलगा दहावीत गेला की घरातील एक वस्तू हळूहळू दिसेनाशी होऊ लागते. ती वस्तू म्हणजे कोठे बॅट, कोठे रॅकेट, तर कोठे बास्केटबॉलचा नारिंगी चेंडू. प्रथम ती दारामागे जाते, मग माळ्यावर, आणि दोन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत घराबाहेर. तिला घालवावे असे कोणी ठरवलेले नसते. मुलावर कोणी रागावलेलेही नसते. सकाळी शाळा, दुपारी एक शिकवणी, संध्याकाळी दुसरी, सूर्यास्तापूर्वी जेवण, सुटीच्या दिवशी दोन तास दुकानात. या वेळापत्रकात मैदानाचा एक तास बसत नाही, एवढेच. काही महिन्यांनी कोणी विचारले, तर मुलगा खांदे उडवून सांगतो, ‘आता तेवढी आवड राहिली नाही.’ घरातील मोठी माणसे या उत्तराने निश्चिंत होतात. आवडच राहिली नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते.

वस्तुतः प्रश्न तेथेच सुरू होतो, कारण तोच मुलगा रात्री अभ्यास आटोपल्यावर मोबाईलवर जपानी चित्रमालिका पाहत बसलेला असतो, आणि त्या मालिकेत काही मुले बास्केटबॉल खेळत असतात. आजोबा चष्मा सावरून डोकावतात आणि ‘अजून कार्टून पाहतोस?’ असे विचारतात. मुलगा मोबाईल पालथा ठेवतो. दोघांमधला संवाद तेथेच थांबतो. तो थांबला नसता, तर आजोबांना एक विलक्षण गोष्ट कळली असती. खेळ सोडलेल्या नातवाला ज्या कथेने धरून ठेवले आहे, ती खेळ सोडलेल्या मुलांचीच कथा आहे.

अशा मालिकांपैकी एकीचे नाव ‘अहिरु नो सोरा’. जपानी भाषेत ‘अहिरु’ म्हणजे बदक आणि ‘सोरा’ म्हणजे आकाश. ताकेशी हिनाता या चित्रकथाकाराने 2003 पासून ही कथा एका जपानी साप्ताहिकातून क्रमशः सादर केली. ऑक्टोबर 2019 ते सप्टेंबर 2020 या काळात तिच्यावरील 50 भागांची मालिका प्रसारित झाली. नायकाचे नावही सोराच. त्याची उंची अवघी 149 सेंटिमीटर, आणि बास्केटबॉलचे कडे जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर. बदकाने आकाशाकडे पाहावे, तसाच हा प्रकार. रुग्णालयात असलेल्या आईला त्याने शब्द दिला आहे की, हायस्कूलच्या पहिल्या स्पर्धेत मी जिंकून दाखवीन. ती आईही एके काळची खेळाडू.

सोरा नव्या शाळेत येतो, तेव्हा तेथील बास्केटबॉल संघ नावापुरताच उरलेला असतो. संघाची खोली टवाळ मुलांनी बळकावलेली असते. यांतील मोमोहारू हा मुलगा पाहण्यासारखा आहे. त्याची उडी असामान्य आहे, परंतु चेंडू कड्यात टाकणे त्याला साधत नाही. पुन्हा पुन्हा चुकल्यावर, पुन्हा पुन्हा हसे झाल्यावर त्याने एक सोपा मार्ग पत्करला. खेळ आपल्याला आवडतच नाही, असे त्याने जाहीर करून टाकले. आवड संपली म्हणणे हे ‘मला जमले नाही’ म्हणण्यापेक्षा कमी लाजिरवाणे असते. दहावीतला तो खांदे उडवणारा मुलगा आणि हा मोमोहारू यांच्यातील नाते ओळखायला जपानी भाषा यावी लागत नाही.

या मालिकेचे आणखी एक वैशिष्ट्य सांगण्याजोगे आहे. तीत बुटका नायक येतो आणि सर्वांना हरवून टाकतो, असे घडत नाही. हा संघ हरतो. सोराचा शब्द आईच्या हयातीत पुरा होत नाही. पुढे संघाच्या खोलीला सिगारेटमुळे आग लागते आणि संघच मोडीत निघतो. मालिका पुष्कळ लांबलेली आहे, आरडाओरडा आणि अश्रूही वाजवीपेक्षा अधिक आहेत. तरीही मुले ती पाहतात, कारण हरल्यानंतर माणसाने करायचे काय, या प्रश्नाला ती बगल देत नाही. शाळेतील गौरव समारंभांत विजेत्यांची भाषणे होतात. हरलेल्यांशी बोलणारे फारसे कोणी नसते.

याच जातीची त्याहून जुनी आणि अधिक गाजलेली चित्रकथा म्हणजे ताकेहिको इनोऊए यांची ‘स्लॅम डंक’. ती 1990 ते 1996 या काळात प्रसिद्ध झाली. तीत मित्सुई नावाचा मुलगा आहे. माध्यमिक शाळेत सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू हायस्कूलमध्ये गुडघा दुखावल्याने खेळाबाहेर जातो. पुढे दोन वर्षे वाईट संगतीत घालवतो, आणि आपल्याच जुन्या संघाची मोडतोड करायला मैदानावर येतो. शेवटी जुन्या प्रशिक्षकांसमोर तो कोसळतो आणि मला पुन्हा खेळायचे आहे, अशी कबुली देतो. मैदानाचा त्याने केलेला द्वेष हा मूळच्या प्रेमाचाच बिघडलेला अवतार होता, हे तेव्हा उलगडते. या कथेतील संघही देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवतो आणि लगेच पुढच्याच सामन्यात स्पर्धेबाहेर पडतो.

या कथा कल्पित आहेत आणि दूरदेशच्या आहेत, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. रेखाटलेल्या मुलाचे धैर्य चित्रकाराच्या हाती असते. म्हणून ही कसोटी चालत्याबोलत्या माणसावर लावून पाहायला हवी, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

गंगापूर रोडलगतच केटीएचएम महाविद्यालयाचे आवार आहे आणि त्याच्या मागे गोदावरी वाहते. तेथे बोट क्लब आहे. मराठीत ज्याला नौकानयन म्हणतात आणि खेळाडू ज्याला रोइंग म्हणतात, तो खेळ नाशिककरांना अगदीच अनोळखी नाही. परंतु या जिल्ह्याला त्या खेळात ऑलिंपिकपर्यंत नेले, ते नदीकाठच्या मुलाने नव्हे. ते नेले पूर्वेकडील चांदवड तालुक्यातील, पाण्याच्या दुर्भिक्षासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागातील मुलाने. तळेगाव रोही हे त्याचे गाव आणि दत्तू बबन भोकनळ हे त्याचे नाव.

दत्तूचा जन्म 1991 चा. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. शाळकरी वयातच मुलगा त्यांच्या हाताखाली राबू लागला. विहिरीचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्यातील कष्ट ठाऊक असतात. कातळ फोडायचा, दगडमाती वर ओढायची आणि इतके करूनही पाणी लागेलच याची हमी नाही. पेट्रोल पंपावरही त्याने काम केले. 2011 मध्ये वडील गेले आणि घराचा भार त्याच्यावर आला. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. खेळाडू होण्याची आकांक्षा त्यामागे नव्हती. घर चालवायला पगार हवा होता.

पुण्याजवळ खडकी येथे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये तो रुजू झाला. तेथे प्रशिक्षक कुदरत अली यांनी हा उंचापुरा जवान हेरला आणि त्याला नौकेत बसवले. येथे अडचण अशी की त्याला पाण्याची भीती वाटत असे. तळेगाव रोहीच्या मुलाने पाणी पाहिले होते ते विहिरीच्या तळाशी किंवा हंड्यात. एवढा मोठा जलाशय आणि त्यावर हातभर रुंदीची हेलकावे खाणारी नौका, हे त्याच्या अनुभवात कोठेच नव्हते.

ही नौका कशी असते, हे समजून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट नीट कळणार नाही. एकट्याने वल्हवायच्या स्पर्धेला सिंगल स्कल्स म्हणतात. तिची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, आणि तिचे वजन किमान 14 किलो असावे लागते. पीठ-साखरेच्या पोत्याहूनही ती हलकी. दोन्ही हातांत एकेक वल्हे. वल्हवणाऱ्याचे आसन छोट्या रुळांवर पुढे-मागे सरकते, आणि पाहणाऱ्याला वाटते तसा जोर हातांत नसतो, तो मुख्यतः पायांतून येतो. शर्यतीचे अंतर 2000 मीटर. सर्वांत विचित्र बाब म्हणजे वल्हवणारा उलटा बसलेला असतो. त्याची पाठ अंतिम रेषेकडे असते. जेथे पोहोचायचे ते त्याला दिसत नाही. दिसते ते फक्त मागे पडलेले पाणी, आणि मागे पडलेले प्रतिस्पर्धी. पुढे गेलेले प्रतिस्पर्धी दिसेनासे होतात, म्हणजेच आपण मागे पडलो आहोत हे त्याला समोरच्या रिकाम्या पाण्यावरून कळते.

2013 मध्ये दत्तू पुण्याच्या लष्करी रोइंग केंद्रात दाखल झाला. त्यानंतरची प्रगती झपाट्याची होती. 2015 मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. एप्रिल 2016 मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे झालेल्या पात्रता स्पर्धेतही तो दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. त्या ऑलिंपिकमधील तो एकमेव भारतीय रोइंगपटू होता. पाण्याला पहिल्यांदा सामोरे जाण्याला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

याच काळात त्याची आई अपघातात गंभीर जखमी झाली. स्मृती हरवली. मुलगा ऑलिंपिकला निघाला आहे, हे समजण्याच्या अवस्थेत ती माऊली नव्हती. जपानी मालिकेतील सोराची आई रुग्णालयातून मुलाच्या पत्राची, त्याच्या विजयाच्या वार्तेची वाट तरी पाहू शकत होती. तळेगाव रोहीच्या मुलाला तेवढाही आधार नव्हता. ज्या एका माणसाला सांगावेसे वाटते, त्यालाच सांगता येत नसेल, तर यशाची गोडी कशी लागायची? खेळावरचे मन उडण्याला याहून मोठे कारण शोधावे लागत नाही.

ऑगस्ट 2016 मध्ये रिओच्या सरोवरावर दत्तू प्राथमिक फेरी पार करून उपांत्यपूर्व फेरीत गेला. तेथे पहिले तिघे पुढे जाणार होते. दत्तू चौथा आला. त्याची वेळ होती 6 मिनिटे 59.89 सेकंद. पदकाची शक्यता तेथे संपली. परंतु रोइंगमध्ये बाद झालेल्यांनाही क्रमांक ठरवण्यासाठी पुढच्या शर्यती खेळाव्या लागतात. या शर्यतींना प्रेक्षक कमी असतात आणि वृत्तपत्रांत त्यांची एक ओळ छापून येते. दत्तूने त्यांतील शेवटची शर्यत जिंकली. शेवटच्या शर्यतीत त्याने 6 मिनिटे 54.96 सेकंद अशी वेळ दिली, आणि एकूण क्रमवारीत 13 वे स्थान मिळवले. पदकाची आशा असताना दिलेल्या वेळेपेक्षा पदकाची आशा संपल्यानंतरची वेळ जवळपास पाच सेकंदांनी सरस होती. वारा आणि पाणी रोज सारखे नसतात, हे मान्य करूनही हा आकडा विचारात पाडणारा आहे. जेथे मिळण्यासारखे काहीच नव्हते, तेथे त्याने हात आखडता घेतला नाही.

त्याच रिओमध्ये नाशिक जिल्ह्याची आणखी एक कन्या धावत होती. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलेली ही धावपटू रिओत मॅरेथॉनमध्ये 120 वी आली. वेळ 2 तास 59 मिनिटे 29 सेकंद. क्रमांक पाहून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, शंभराहून अधिक जणी पुढे निघून गेल्यानंतरही 42 किलोमीटरचे अंतर मध्येच न सोडता पुरे करण्यासाठी निराळी ताकद लागते. ती ताकद पदकतालिकेत दिसत नाही.

दत्तूच्या कथेचा खरा गाभा मात्र दोन वर्षांनंतरचा आहे. ऑगस्ट 2018 मध्ये आशियाई स्पर्धा इंडोनेशियात भरल्या. रोइंगच्या शर्यती पालेम्बांग शहरात होत्या. दत्तूकडून एकेरीत पदकाची अपेक्षा होती. 23 ऑगस्टला एकेरीची अंतिम शर्यत झाली. त्याची प्रकृती ठीक नव्हती. सहा स्पर्धकांत तो सहावा आला, आणि वेळ लागली 8 मिनिटे 28.56 सेकंद. रिओमध्ये सात मिनिटांच्या आत अंतर कापणाऱ्या खेळाडूची ही वेळ. भारतीय रोइंग चमूच्या हाती त्या दिवशी एकही पदक लागले नाही. निवासस्थानी परतलेल्या त्या तरुणांची रात्र कशी गेली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला सकाळी, चौघांनी मिळून वल्हवायच्या क्वाड्रुपल स्कल्सची अंतिम शर्यत होती. आदल्या दिवशी शेवटचा आलेला दत्तू त्या नौकेत होता. सोबत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघेही सैन्यातले जवान. या प्रकारात चार माणसे आणि आठ वल्ही असतात. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात जावी लागतात आणि एकाच क्षणी बाहेर यावी लागतात. एकाचे वल्हे किंचित उशिरा उतरले, तरी सगळी नौका डगमगते. अशा नौकेत आदल्या दिवशी खचलेल्या माणसाला घेणे म्हणजे उरलेल्या तिघांनी आपले पदक त्याच्या हाती सोपवणे होय. त्यांनी ते सोपवले.

चौघांनी 6 मिनिटे 17.13 सेकंदांत अंतर कापले. यजमान इंडोनेशियाचा संघ साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे राहिला. भारताला सुवर्णपदक मिळाले. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात रोइंगमधील भारताचे हे केवळ दुसरे सुवर्ण होते. पहिले 2010 मध्ये बजरंगलाल ताखर यांनी एकेरीत मिळवले होते. शेवटचा क्रमांक आणि पहिला क्रमांक, यांच्यामध्ये एका रात्रीचे अंतर होते.

चित्रपट असता, तर कथा येथे संपली असती. प्रत्यक्षात ती संपली नाही. 23 ऑगस्टच्या शर्यतीत दत्तूने मध्येच वल्हवणे थांबवले, असा ठपका ठेवून भारतीय रोइंग महासंघाने 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. सुवर्णपदक गळ्यात असलेल्या खेळाडूला मैदान बंद झाले. पुढे जानेवारी 2020 मध्ये महासंघाने ती बंदी मुदतीपूर्वीच उठवली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला. या प्रकरणाची बाजू घेऊन निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. एवढे मात्र दिसते की, एकाच माणसाच्या खात्यावर दोन सलग दिवसांच्या दोन नोंदी आहेत. एका दिवशी बळ संपल्याची आणि दुसऱ्या दिवशी बळ परत आल्याची. जो केवळ पहिली नोंद वाचील, त्याला हा माणूस दुबळा वाटेल. जो केवळ दुसरी वाचील, त्याला तो देवमाणूस वाटेल. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे माणूस दिसतो.

हिशेब ठेवणाऱ्या घरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. एका दिवसाच्या रोजमेळावरून पेढीची पत कोणी ठरवीत नाही. ज्या घराण्यांनी दुष्काळ पाहिले, मंदी पाहिली, माल बुडालेला पाहिला, त्यांच्या बैठकीत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मोठी खोट आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पणजोबांनी नेहमीच्या वेळी दुकान उघडले, ओटा झाडला, दिवा लावला आणि भवानी होण्याची वाट पाहत गादीवर बसले. त्या सकाळी त्यांच्या मनात धंद्याची आवड उचंबळून आली होती, असे कोणी समजू नये. बहुधा दुकानाचे तोंडही पाहू नये असे त्यांना वाटले असेल. पण वेळ झाली होती, म्हणून ते बसले. चार गिऱ्हाइके आली. शेजारच्या दुकानदाराने चहा पाठवला. संध्याकाळपर्यंत हात चालू लागले आणि हातांपाठोपाठ मनही.

आवडीच्या बाबतीत लोकांची समजूत साधारणतः उलटी असते. आधी आवड, मग सातत्य, असा क्रम धरला जातो. म्हणून मुलाचे मन विटले की घरचे म्हणतात, आवड नाही, मग कशाला जबरदस्ती? भोकनळांची कथा निराळा क्रम सुचवते. खडकीच्या नौकेत त्याला आवडीने कोणी बसवले नव्हते. भीती होतीच. आवड नंतर आली. रिओत आशा संपली, तरी तो वल्हवत राहिला. पालेम्बांगला तर एका दिवसात सर्व काही विझल्यासारखे झाले, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो नौकेत जाऊन बसला. आवड ही समईच्या ज्योतीसारखी आहे. ती अधूनमधून मंदावते, वाऱ्याने विझतेही. घरातले शहाणे माणूस तेवढ्यासाठी समई अडगळीत टाकीत नाही. ते वात पुढे सारते, तेल घालते आणि पुन्हा लावते.

आणखी एक गोष्ट. विझलेली ज्योत पुन्हा पेटते ती बहुधा दुसऱ्या ज्योतीवरून. एकट्याच्या नौकेत शेवटचा आलेला माणूस चौघांच्या नौकेत पहिला आला, यात योगायोग थोडा आणि सोबत फार आहे. सोराच्या कथेतील मोमोहारूही उपदेशाने परत येत नाही. बुटका सोरा एकटाच सराव करीत राहतो, आणि ते पाहून त्याचे पाय मैदानाकडे वळतात. व्यापारी घरांत भावाभावांची, काका-पुतण्यांची भागीदारी पिढ्यान्पिढ्या चालत आली, तिचेही मर्म हेच आहे. एकाचा उमेदीचा काळ दुसऱ्याच्या पडत्या काळाला धरून ठेवतो. शिकवणीच्या खोलीत मात्र प्रत्येक मूल एकेरीच्या नौकेत बसलेले असते. त्याचे गुण त्याचे, त्याचा क्रमांक त्याचा, आणि मागे पडले तर समोरचे रिकामे पाणीही त्याचेच.

दहावीच्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून मुलांना मैदानावर पिटाळावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. परीक्षा महत्त्वाची आहे. पुढे सीए व्हायचे असो की दुकान सांभाळायचे असो, अभ्यासाला पर्याय नाही. हजारांतून एखादाच दत्तू होतो, हेही खरे. मूल ऑलिंपिकला जावे म्हणून खेळाचा आग्रह नाही. पुढे व्यापारात किंवा संसारात त्याच्यावर 23 ऑगस्टसारखा एखादा दिवस येईल, आणि तो प्रत्येकावर येतोच. त्या दिवशी त्याला आधीची काही सवय असावी. हरून घरी येणे, जेवणे, झोपणे आणि सकाळी त्याच मैदानावर पुन्हा उभे राहणे. ही सवय कोणत्याही शिकवणीत लावता येत नाही, आणि मैदानावर ती फार स्वस्तात लागते. तेथील हारजितीत भांडवल बुडत नाही, पत जात नाही. गुडघा तेवढा खरचटतो.

आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर, एवढीही मुभा पुरे आहे. चेंडू माळ्यावर गेला असेल, तर तो खाली काढून हवा भरून दाराशी ठेवावा. ‘खेळ’ म्हणून आग्रह करू नये आणि ‘आता काय खेळायचे’ म्हणून टोचूही नये. मुलाने आवड संपल्याचे सांगितले, तर ते ऐकून घ्यावे, पण त्याचे खाते तेवढ्यावर कायमचे बंद करू नये. बुडीत समजलेली कितीतरी येणी अवचित वसूल होतात, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आणि आजोबांनी रात्री नातवाजवळ पाच मिनिटे बसावे. मोबाईल पालथा ठेवण्याआधी विचारावे, हा बुटका मुलगा कोण, आणि तो हरल्यावर पुढे काय करतो? नातू सांगेल. त्यानंतर आजोबांनी तळेगाव रोहीच्या विहिरीवरच्या मुलाची गोष्ट सांगावी, आणि जमल्यास आपल्या पणजोबांच्या त्या सकाळच्या दुकानाचीही. तिन्ही गोष्टी एकच आहेत, हे नातवाच्या ध्यानात यायला वेळ लागणार नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी ठेवलेला चेंडू जागेवर नसेल.